वाळवणावरच्या चादरी

"बंद केलं," माई म्हणाली. "कधीच बंद केलं."

सुनावणीसाठी शाळेचं सभागृह खचाखच भरलं होतं, खिडक्यांतसुद्धा माणसं बसली होती, आणि तरी तिचं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. जन्मभर लाँड्रीतल्या मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून बोललेली बाई ती. हळू बोलणं तिला जमतच नाही. खोटंसुद्धा ती खणखणीत बोलली.

पहिल्या रांगेत बसलेल्या ताईला आधी वाटलं, आईला प्रश्न नीट कळला नसेल. तिनं पुढे वाकून खुणेनं काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. माईनं लेकीकडे पाहिलं आणि पाहिलंच नाही असं केलं. तेव्हा मात्र ताई समजली, प्रश्न आईला नीट कळलाय.

सगळी भिस्त माईवर होती. वस्तीच्या मधोमध असलेल्या त्या मोठ्या हिरवळीला लहानथोर सगळे 'वाळवण' म्हणत, कारण ती जागा पूर्वी राखून ठेवली तीच मुळी रहिवाशांना कपडे वाळवायला मिळावेत म्हणून. अट साधी होती. जोवर एक जरी रहिवासी तिथे कपडे वाळवतो आहे, तोवर नगरपालिकेला ती जागा विकता यायची नाही. आता नगरपालिकेला विकायची होती. घरोघरी मशीनं आली, तिथे आता कोणी चिंधीसुद्धा वाळत घालत नाही, हे तिचं म्हणणं. वाळवण वाचवायला उभ्या राहिलेल्या रहिवाशांच्या समितीचं म्हणणं, घालतात. आणि कोण घालतं, तर माई. तिच्या लाँड्रीत धुवायला आलेल्या चांगल्या सुती चादरी ती अजून भल्या पहाटे पंपघराच्या मागे गवतावर अंथरते, वर पाणी शिंपडते, वाळत आल्या की पुन्हा शिंपडते. ऊन आणि ओलं गवत मिळून जो पांढरेपणा देतात, तो कुठल्या पावडरीच्या बापाला देता येत नाही.

पंपघराच्या मागे का, तर रस्त्यावरून दिसू नये म्हणून. माईचा मुलगा छोटू नगरसेवक झाला त्याच आठवड्यात येऊन म्हणाला होता, "माई, ते उघड्यावर चादरी घालणं आता बरं दिसत नाही." माई "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून आडोशाला गेली. त्यामुळे वस्तीतल्या बाकीच्यांनी कधीमधी पांढरं काहीतरी पाहिलेलं, पण ते कोणाचं आणि कशाचं, हे छातीवर हात ठेवून सांगणारं माईशिवाय कोणी नव्हतं. ताई समितीची पुढारी. तिनंच आईला तयार केलं होतं.

नगरपालिकेचे वकील बोलायला मोठे गोड. "आजी, एवढंच विचारतो," ते म्हणाले होते. "तुमचे चिरंजीव, आपले नगरसेवक साहेब, भर सभेत म्हणाले की मी माझ्या घरचंच सांगतो, वाळवणावर कपडे घालणं आमच्याकडे कधीच बंद झालं. मग साहेब खोटं बोलले का?"

छोटू असं बोलला होता, हे माईला ठाऊकच नव्हतं. ताईला ठाऊक होतं. तिनं मुद्दामच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर माई त्या खुर्चीत बसायला आलीच नसती. एकदा बसली की खरं तेच बोलेल, तिला दुसरं येतं कुठे, असा लेकीचा हिशोब. आईला आपण पुरतं ओळखतो असं लेकींना वाटतं, तिथेच त्या फसतात.

माईनं नगरसेवकांच्या बाकाकडे पाहिलं. छोटू मान खाली घालून पेनाचं टोपण उघडत होता, लावत होता.

"एकही कपडा नाही?" वकिलांनी पुन्हा विचारलं.

"आता सुकवायचं मशीन आहे की," माई म्हणाली.

मशीन होतं. वर्षभरापूर्वी बिघडलं ते तसंच पडलं होतं, आणि त्यावर जुन्या पडद्यांची गाठोडी रचलेली होती. सुनावणीसाठी बाहेरगावाहून आलेल्या अधिकारी बाईंनी माईचं उत्तर टिपून घेतलं आणि जेवणाची सुट्टी दिली.

*

लाँड्री शाळेच्या समोरच. मागच्या खोलीत इस्त्रीचं लांब टेबल होतं, त्यावरची घोंगडी गुंडाळली की तेच जेवणाचं टेबल. सुनेनं डबा उघडून ताटं वाढली. ती दातांची डॉक्टर. आज दवाखाना बंद ठेवून आली होती, आणि नवऱ्याच्या बाकामागे न बसता सासूच्या शेजारी बसली होती. गावानं ते पाहिलं होतंच.

कोणी घास उचलेना. शेवटी काका बोलले. माईचे हे धाकटे दीर. जन्मभर बस चालवली, निवृत्त झाल्यावर लाँड्रीत येऊन बसू लागले, आणि मागच्या सीटवरच्यालाही ऐकू जावं अशा बेतानंच बोलायचे.

"वहिनी, एक सांगू का? झकास केलंत. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपलेच दात नि आपलेच ओठ, चावून कुणाला सांगणार?"

"दातांचं मला नका सांगू काका," सून म्हणाली. "झाकून ठेवलेला किडका दात शेवटी काढावाच लागतो."

"जेवा आधी," माई म्हणाली.

"माई, का बोललीस तसं?" ताईनं विचारलं.

"कसं?"

"खोटं."

माईनं पेल्यातलं पाणी पिऊन घेतलं. "आणि तू मला सांगितलंस का, त्यानं काय म्हणून ठेवलंय ते? लग्नातल्या घोड्यासारखं सजवून नेऊन बसवलंस मला तिथे."

ताईचा चेहरा उतरला. सकाळपासून तिला नेमकी याचीच भीती होती. समितीसाठी तिनं दारोदार हिंडून माणसं उभी केली होती, भाषणं ठोकली होती, आणि स्वतःच्या आईला मात्र अर्धंच सांगून पुढे ढकललं होतं. तिला स्वतःचीच शिसारी आली.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "पण आता दुपारी माझं नाव पुकारतील. मी काय बोलू? खरं बोलले तर सगळ्या गावासमोर तुला खोटारडी ठरवायचं. नाही बोलले तर वाळवण गेलंच म्हणून समज."

"तुझं तू ठरव. मला विचारू नकोस." माई उठली, खिडकीशी गेली, परत आली. पुन्हा गेली.

"काय बघताय माई?" सुनेनं विचारलं.

"चादरी," माई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "सकाळी या सुनावणीच्या गडबडीत उचलायच्या राहिल्या. तिथेच आहेत पंपघरामागे. कडक होतील ना गं उन्हानं. हॉटेलच्या आहेत, संध्याकाळी द्यायच्यात."

मग सुनेला हसू फुटलं आणि लगेच तिनं तोंडावर हात धरला. शपथेवर नाही म्हणून आलेल्या बाईच्या चादरी बाहेर उन्हात तापत होत्या, आणि दिवसाढवळ्या जाऊन त्या उचलायची तिला सोय राहिली नव्हती.

काका टोपी घालून उभेसुद्धा राहिले. "त्यात काय! मी जातो मागच्या बोळातून. चार चादरी खाकोटीला मारल्या की झालं. सगळे जेवताहेत तोवर कोण बघतंय?"

ताई दारात आडवी झाली. "काका, तुम्ही त्या उचलल्यात तर माझ्याकडे काही उरणार नाही."

"अगं, आईची अब्रू राहील की!"

"बसा तुम्ही," ती म्हणाली. काकांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनी खिडकीबाहेरच बघत होती. ते टोपी न काढताच बसले आणि स्वतःशी पुटपुटले, "त्या शर्टाची भरपाई अजून चालूच आहे वाटतं."

"कुठला शर्ट?" सुनेनं विचारलं.

"काही नाही," माई म्हणाली.

"काही नाही कसं? घरातल्या सुनेला कळू दे की," काका म्हणाले. त्यांना गोष्ट सांगायची संधी मिळाली की ब्रेक लागत नसे. "तुझ्या नवऱ्याला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. समारंभाच्या दिवशी त्याचा एकुलता एक बरा शर्ट हिनं इस्त्रीखाली जाळला."

पुढचं माईला ऐकायचं नव्हतं, पण कान झाकता येत नाहीत. शर्ट जळला, वेळ उरला नव्हता, आणि गिऱ्हाइकांच्या तयार कपड्यांत छोटूच्या मापाचा एक शर्ट समोरच होता. आपल्या हातानं धुऊन, खळ देऊन, इस्त्री केलेलं कापड लाँड्रीवाल्यांना थोडंसं आपलंच वाटायला लागतं. धंद्यातली खोडच ती. संध्याकाळी पुन्हा धुऊन ठेवू, कोणाला कळतंय, असं म्हणून माईनं तो त्याच्या अंगात चढवला. छोटू बक्षीस घ्यायला मंचावर गेला आणि खालून एक पोरगा ओरडला, "ए, तो माझा शर्ट आहे!" मास्तरांनी छोटूची कॉलर उलटून पाहिली. आत गिऱ्हाइकाची खूण होती, माईनंच दोऱ्यानं घातलेली. सगळी शाळा हसली. हेच सभागृह. माई मागे उभी राहून टाळ्या वाजवत होती, त्या हातांचं पुढे काय करावं ते तिला कळेना.

छोटू घरी येऊन एक अक्षर बोलला नाही. शर्ट काढून घडी घालून ठेवला. त्यानंतर त्यानं एकाही मित्राला घरी आणलं नाही, आणि शाळा समोरच असून मागच्या गल्लीनं वळसा घालून जायला लागला. माईनं त्याला कधी विचारलं नाही. काय विचारणार?

"म्हणून बोलले मी," ती सुनेला म्हणाली. "एकदा त्याच जागी त्याचं हसं केलं मी. पुन्हा माझ्याच तोंडानं करू?"

इतकी वर्षं संसार करून नवऱ्यानं ही गोष्ट सुनेला सांगितली नव्हती. तिला त्याची दया आली, आणि आपल्याला दया आली याचा राग आला.

तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि छोटू आत आला. अंगात नवा कोट, कपाळावर घाम.

"माई, जेवलीस का?" त्यानं विचारलं. मग तो बहिणीकडे वळला. "ताई, माई बोलली ते बोलली. आता तू ताणू नकोस. त्या पैशातून रुग्णालयाची नवी इमारत व्हायची आहे. पावसात वॉर्डात बादल्या ठेवाव्या लागतात, पेशंट छत्री धरून झोपतात, मी बघितलंय ते. मी काही माझ्या खिशासाठी करत नाहीये."

"माहितेय मला," ताई म्हणाली. "तू चोर नाहीस. रुग्णालय हवंच. पण ते खोट्यावर कशाला उभं करतोस? आणि या पोरांनी खेळायचं कुठे, म्हाताऱ्यांनी बसायचं कुठे? एकदा विकली की परत मिळते का जागा?"

"मी खोटं बोललो नाही. मी माईला सांगितलं होतं बंद कर म्हणून, ती बरं म्हणाली. ती अजून घालते हे मला माहीतच नव्हतं."

"माहीत नव्हतं?"

हे सून म्हणाली. सासरच्या माणसांसमोर ती नवऱ्याला कायम अहो-जाहो करायची. आज ते सुटलं.

"तुला माहीत नव्हतं? गेल्या थंडीत आपण पहाटेच्या रेल्वेनं आलो, स्टेशनवरून घरी येत होतो. पंपघराच्या वळणावर गाडीच्या दिव्यांत माई दिसल्या. वाकून पाणी शिंपडत होत्या. तू दिवे मालवलेस, गाडी मागे घेतलीस आणि लांबच्या रस्त्यानं आणलीस. मी विचारलं तर म्हणालास, पुढे रस्ता खोदलाय."

छोटूचे कान लाल झाले होते. लहानपणीही व्हायचे.

"थंडीत ना?" माई हळूच म्हणाली. "ते दिवे तुझे होते होय? मला वाटलं पोलीस. मी पंपघराच्या भिंतीला चिकटून उभी राहिले होते, गाडी जाईपर्यंत."

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. कोणाला कोणाकडे बघवेना.

ताईला भावाला खूप काही ऐकवायचं होतं, गेले कित्येक महिने ती ते मनात घोळवत होती. आता त्यातलं एकही वाक्य तोंडात येईना. ती एवढंच म्हणाली, "छोटू, मी नाही बोलत. तू उठ आणि सांग. म्हण, माझ्या बोलण्यात चूक झाली, आणि ती मला सांभाळून घ्यायला गेली. तू म्हणालास तर माईला कोणी नावं ठेवणार नाही. मी म्हटलं तर ठेवतील."

छोटूनं रुमालानं कपाळ पुसलं.

"बघतो," तो म्हणाला.

गटार तुंबलं, दिवा गेला, पाणी आलं नाही, काहीही घेऊन आलेल्या माणसाला तो हेच म्हणायचा.

*

उठायचं त्यानं खरंच ठरवलं होतं. दुपारी बाकावर बसल्या बसल्या तो वाक्य जुळवत होता. 'माझ्या विधानात किंचित दुरुस्ती करू इच्छितो.' हे फारच सरकारी झालं. 'माझी आई माझ्यासाठी खोटं बोलली.' हे बरोबर होतं, पण ते मनात म्हणतानाच त्याच्या घशाला कोरड पडली. या सभागृहात त्याचा घसा नेहमीच कोरडा पडायचा. निवडणुकीतलं पहिलं भाषणसुद्धा त्यानं म्हणूनच बाहेर पटांगणात केलं होतं.

अधिकारी बाईंनी ताईचं नाव पुकारलं. ताई जाऊन उभी राहिली आणि काही न बोलता भावाकडे बघत राहिली. अख्खं सभागृह तिच्याबरोबर त्याच्याकडे वळलं.

छोटू उठला. म्हणजे गुडघे सरळ झाले, एक हात टेबलावर टेकला. समोर सगळी ओळखीची तोंडं. औषधवाला, मास्तरांचा मुलगा, ज्यांच्या गल्लीत त्यानं नळ आणून दिला ती माणसं. सगळी त्याला साहेब म्हणणारी. शेजारच्या सभासदानं विचारलं, "काय हो, काय झालं?"

"काही नाही," छोटू म्हणाला. त्यानं खुर्ची थोडी पुढे ओढली आणि बसला.

ताईनं डोळे मिटून उघडले. मग बाईंकडे वळून म्हणाली, "वाळवणावर कपडे घालणं बंद झालेलं नाही. माझी आई रोज घालते. आज सकाळी घातलेल्या चादरी आत्ता या घडीला पंपघरामागे आहेत. चला, दाखवते."

गलका झाला. वकील उभे राहिले. आता त्यांचा आवाज तेवढा गोड नव्हता. "म्हणजे तुमच्या मातोश्री सकाळी इथे खोटं बोलल्या?"

"हो," ताई म्हणाली.

हा एवढासा शब्द बोलायला तिला किती जड गेलं ते तिच्या शेजारी उभ्या असलेल्या औषधवाल्यानं नंतर दहा जणांना सांगितलं. तिनं खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

"का बोलल्या?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"ते त्यांनाच विचारा."

बाई माईकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आजी? सकाळी तुम्ही नाही म्हणालात. का?"

माई जागच्या जागी उभी राहिली. तिनं पदर सारखा केला. नगरसेवकांच्या बाकाकडे तिनं या वेळी पाहिलं नाही.

"विसरले," ती म्हणाली. "वय झालं बाई. आता लक्षात राहत नाही."

सभागृह हसलं. वाईट हेतूनं नाही, सकाळपासूनचा ताण होता, त्याला वाट मिळाली. कोणीतरी मागून म्हणालं, "चादरी घालायचं बरं लक्षात राहतं!" आणि पुन्हा हशा उसळला. माईसुद्धा हसल्यासारखं करून खाली बसली. गावातल्या कोणाचा कपडा कुठल्या फळीवर आहे हे न बघता सांगणारी ती बाई.

छोटूनं तो हशा ऐकला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की सगळ्यांबरोबर आपलेही ओठ हसताहेत. त्यानं ते मिटले, पण सुनेनं तेवढ्यात पाहिलं होतं. ती उठली आणि बाहेर निघून गेली.

मग सगळी वरात वाळवणावर गेली. पुढे अधिकारी बाई, मागे वकील, त्यामागे अख्खी वस्ती. पंपघराच्या पलीकडे गवतावर चादरी ओळीनं पसरलेल्या होत्या, डोळे दिपतील अशा पांढऱ्या, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवलेल्या. बाईंनी वाकून एकीला हात लावला, गवत बाजूला करून खालची दबलेली, पिवळी पडलेली पात पाहिली.

"हे एका दिवसाचं नाही," त्या वकिलांना म्हणाल्या. "अट मोडलेली नाही. विक्रीला माझी मंजुरी मिळणार नाही."

आरडाओरडा, टाळ्या, शिट्ट्या. औषधवाल्यानं काकांना मिठीच मारली आणि काकांनीही मग इकडून तिकडून मिठ्या मारायला सुरुवात केली. ताईला चौघीजणींनी वेढलं. कोणी म्हणत होतं, तू होतीस म्हणून जागा वाचली. कोणी म्हणत होतं, सख्ख्या आईलाही सोडलं नाहीस, धन्य तुझी. ते कौतुकानं म्हटलेलं होतं आणि तिला ते चटका बसावा तसं बसलं.

त्या गर्दीतून माईचा आवाज आला, "अहो, पाय नका देऊ! हॉटेलच्या आहेत!"

ती एकटीच चादर उचलायची खटपट करत होती. मोठी चादर एकटीला घडी घालता येत नाही. ताई गेली आणि तिनं दुसरी दोन टोकं धरली. दोघींनी झटकली, ताणली, दुमडली, टोकाला टोक द्यायला जवळ आल्या, पुन्हा लांब गेल्या. दर घडीला दोघींचे चेहरे हातभर अंतरावर येत होते.

"माई," ताई म्हणाली.

"कोपरा नीट धर," माई म्हणाली.

शेवटच्या चादरीपर्यंत ती दुसरं काही बोलली नाही.

*

छोटू लाँड्रीत आला तेव्हा दिवस कलला होता. ताई हॉटेलवर चादरी पोचवायला गेली होती. माई गल्ल्यावर बसून बटणं लावत होती.

"ये," ती म्हणाली. "चहा घेतोस?"

"नको." तो फळीच्या अलीकडे, गिऱ्हाइकांच्या बाजूला उभा राहिला. "माई, तू विसरले म्हणालीस."

"मग काय म्हणू?"

"माझं नाव घ्यायचंस."

"ते तू घ्यायचंस. मी वाट बघत होते की."

"मी उठलो होतो."

"बघितलं मी," माई म्हणाली. "खुर्ची ओढून घेतलीस."

आईनं रागानं म्हटलं असतं तर त्याला उत्तर देता आलं असतं. तिनं दोरा तोडला आणि दुसरं बटण घेतलं.

"मी सगळं सांगणार आहे," तो म्हणाला. "पुढच्या सभेत. उभं राहून सांगणार की माई माझ्यापायी खोटं बोलली. मला आधीपासून ठाऊक होतं. रस्त्यावरून गाडी वळवली तेही सांगणार. मला लाज वाटत होती तुमची, या दुकानाची, हेही. आता मला माझीच वाटते. खरंच सांगतो माई."

माईनं सुई खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. लहानपणी त्यानं न बोलता शर्टाची घडी घालून ठेवली होती, त्या दिवसापासून ती हे ऐकायची वाट बघत होती की काय, कोण जाणे. तिनं फळीवरून हात पुढे केला.

दाराची घंटी वाजली आणि हातात बॅग घेतलेला एक तरुण गृहस्थ आत आला. बाहेरगावचा. कोटाच्या बाहीवर भला मोठा शाईचा डाग. त्याला ना सुनावणी माहीत, ना वाळवण, ना साहेब. तो माईकडे बघून हसला आणि मग छोटूकडे वळला.

"हा डाग निघेल का हो? दुकान तुमचंच का?"

"नाही नाही," छोटू म्हणाला. "मी कपडे टाकायला आलोय."

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला ते ऐकू आले. गृहस्थ "असं होय, मग तुमचं होऊ द्या," असं म्हणून अदबीनं बाजूला सरकला आणि वाट बघू लागला. छोटूच्या हातात काहीच नव्हतं. त्यानं सावकाश अंगातला कोट काढला आणि फळीवर ठेवला.

माईनं पुढे केलेला हात मागे घेतला नाही. त्याच हातानं तिनं कोट ओढला. गिऱ्हाइकाचे तपासते तसे खिसे तपासले, आतला रुमाल काढून त्याच्यापुढे ठेवला, कॉलर उलटून पाहिली. घरच्या कपड्यांना त्या दुकानात कधी चिठ्ठी लागली नव्हती. तिनं पाकिटातून एक कोरी चिठ्ठी काढली आणि पेन्सिल हातात घेतली.

"नाव काय लिहू?" तिनं विचारलं.